कार्डस्टॉकच्या नावाखाली पातळ कागद, ११,८४० रुपये गेले

मुलांचे छंदवर्ग घेणाऱ्या आणि शाळेत हस्तकला शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचा. घाऊक भावात डिझाइनचा कार्डस्टॉक, म्हणजे कार्डं करायचा जाड कागद, देणाऱ्या एका पुरवठादाराने मला ११,८४० रुपयांना बुडवलं. ठरलं होतं ते असं: ४० पॅक, प्रत्येकात २४ शीट, १२ बाय १२ इंच, २५० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागद २५० ग्रॅम भरतो), दोन्ही बाजूंनी छापील, ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला. पॅकचे २८० रुपये. निम्मे, म्हणजे ५,६०० आगाऊ. उरलेले ५,६०० आणि वाहतुकीचे ६४० माल ट्रान्सपोर्टला टाकल्यावर.

यांची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, नमुना अस्सल आणि माल भलताच. नमुन्याची शीट खरंच उत्तम होती. बारीक ठिपके, बारीक फुलं. मुलांच्या छोट्या कार्डावर असंच डिझाइन लागतं, मोठी नक्षी कापली की तिचं काहीच उरत नाही. रेघ दाबून दुमडलं तर घडी सरळ येत होती. असा नमुना हातात आल्यावर कुणीही ऑर्डर दिली असती.

खोक्यातून निघाला तो भेटवस्तू गुंडाळायच्या कागदाहून जरासा जाड कागद. मागची बाजू कोरी. एका मुलीने आजीसाठी कार्ड केलं, टेबलावर उभं केलं, आणि ते पाय फाकवून आडवं झालं. गोंद लावला तिथे पान फुगलं. ओल्या बोटाला निळा रंग लागला आणि तोच तिच्या आजीच्या फोटोवर उमटला. तो फोटो घरून एकच आणला होता हो!

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगते. उरलेले पैसे मागताना त्याने बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो पाठवला होता. त्यावर वजन होतं ११ किलो. २५० जीएसएमचं १२ बाय १२ इंची शीट साधारण २३ ग्रॅम भरतं. ९६० शीटचे २२ किलोच्या वर व्हायला हवेत. निम्मंच वजन! तेही खोक्यासकट, म्हणजे कागद १२० जीएसएमच्याही आतला. आकडा डोळ्यांसमोर होता आणि मी पैसे पाठवून मोकळी झाले. पण कागद तोलून घ्यायचा असतो हे कुठला दुकानदार सांगतो? वर्ग दोन दिवसांवर आला होता, पालकांनी फी भरली होती, मी बिल्टीवरचा ट्रान्सपोर्टचा शिक्का बघितला. तुम्ही मात्र आधी वजन बघा. घरातल्या काट्यावर दहा शीट ठेवा, २३० ग्रॅमच्या आसपास भरली नाहीत तर पैसे अडवा.

पॅकवर उत्पादकाचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही. बंद पाकिटावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर घेऊच नका. ‘ॲसिड-फ्री’ हा शब्द कुणीही छापतो. फोटोखाली लावायचा कागद लिग्निन-फ्रीसुद्धा हवा, लिग्निन हा लाकडातला घटक कागदात राहिला तर तो पिवळा पडतो.

मग सुरू झाली वणवण. पोलीस चौकीत साहेब म्हणाले, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला.” बँकेत उत्तर मिळालं, “पेमेंट तुम्हीच केलंय, मॅडम.” नमुन्याचं आणि आलेलं, दोन्ही शीट मी टेबलावर ठेवली होती. हात लावून बघायचेही कष्ट कुणी घेतले नाहीत. ऑनलाइन तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद केली. कसलं निराकरण? एक फोन आला नाही! वर एका कारकुनाने ऐकवलं की माल वर्गासाठी घेतला, म्हणजे धंद्यासाठी, तेव्हा मी ग्राहकच नाही. साफ खोटं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकच असतो. शिवाय आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, मी स्वतः वाचून काढलं. मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा चौकीच्या पायऱ्या झिजवण्यात ती घालवू नका.

नमुन्याचं शीट फेकू नका, त्यावर तारीख घाला. बिल्टी, चॅट, पेमेंटची पावती जपा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि काट्यावरचं वजन त्यात दिसू द्या. मी दावा लिहायला घेतलाय. ११ किलोची बिल्टी पहिल्या पानाला जोडलीय.