पैसे गेलेच, पण सही जास्त नडली

जुनं शैक्षणिक कर्ज मिटवून देतो म्हणणाऱ्या एका ‘सेटलमेंट कन्सल्टंट’ला मी २३,००० रुपये दिले. ते बुडाले. पण हे लिहितोय ते त्या पैशांसाठी नाही, त्याच्या सांगण्यावरून केलेल्या एका सहीसाठी.

आधी मूळ भांडण. २०१० मध्ये इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना २,८०,००० रुपयांचं कर्ज मंजूर झालं, बाबा सहकर्जदार. तेव्हा केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना नुकतीच आली होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर शिक्षणाच्या काळातलं आणि त्यानंतरच्या सवलतीच्या मुदतीतलं व्याज सरकार भरणार. बाबांनी तहसीलदारांचा दाखला दरवर्षी शाखेत नेऊन दिला, आवक शिक्का मारलेल्या प्रतींसकट. २०१५ मध्ये हप्ते सुरू झाले तेव्हा पाहतो तर मुद्दलावर १,१७,००० रुपये व्याज चढवलेलं. ‘सबसिडी वरून आलीच नाही’ एवढंच उत्तर. मॅनेजर बदलले, शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मी चिडून हप्ते बंद केले. हा माझा मूर्खपणा. वाद होता व्याजाचा, मी मुद्दलही थांबवलं. त्यामुळे पुढे जो भेटेल त्याच्यासमोर मी थकबाकीदारच.

बँकेने दावा लावला नाही. फोन यायचे, मग तेही थांबले. २०२३ मध्ये घरासाठी कर्ज मागायला गेलो तर सिबिल रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, ‘रिटन ऑफ’. मला वाटलं, माफच झालं की! राइट ऑफ म्हणजे बँकेने स्वतःच्या हिशेबात तोटा दाखवला, इतकंच. कर्ज डोक्यावर तसंच राहतं. व्याज धरून आकडा साडेआठ लाखांवर गेला होता.

त्या रात्री ‘शैक्षणिक कर्ज सेटलमेंट’ असं शोधलं आणि एका ठिकाणी मोबाईल नंबर टाकला. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला ‘रिकव्हरी’तून धमकीचा फोन: ऑफिसात माणसं पाठवू, बाबांना उचलू. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि कर्ज फेडलं नाही म्हणून कोणी कोणाला उचलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हा कन्सल्टंट हजर, मऊ आवाजात. ‘सर, तुम्हाला त्रास होतोय ना?’ रात्रीचा फोन याच्याच माणसाचा होता अशी माझी खात्री आहे. सिद्ध करता येणार नाही.

माणूस गोड बोलायचा. बाबांना ‘काका’ म्हणायचा, त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायचा. दोन लाखांत मिटवतो म्हणाला. ‘सिबिल आतून साफ करून देतो’ हेही वर. नोंदणीचे ८,००० यूपीआयने एका वैयक्तिक खात्यात घेतले, मग ‘लोकअदालतीत फाईल लावायचे’ म्हणून १५,०००. लोकअदालतीला फी नसते. आणि सिबिल आतून कोणी साफ करत नाही. चुकीच्या नोंदीविरुद्ध तक्रार आपण स्वतः फुकट टाकू शकतो, पण बँकेने दुजोरा दिल्याशिवाय नोंद बदलत नाही. तडजोड झाली तरी तिथे ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पूर्ण फेडून ‘क्लोज्ड’ होणं वेगळं, आणि पुढचं कर्ज देणारा हा फरक बघतो.

आता ती सही. व्हॉट्सअॅपवर तीन पानी इंग्रजी पीडीएफ आली. ‘अधिकारपत्र आहे सर, तुमच्या वतीने बोलायला.’ जिथे सही करायची तिथे पिवळी खूण. मी ऑफिसच्या प्रिंटरवर प्रिंट काढली, जेवणाच्या सुट्टीत सही केली, संध्याकाळी बाबांची घेतली आणि त्याने दिलेल्या पत्त्यावर कुरिअरने मूळ प्रत पाठवली. पहिलं पान वाचलं होतं. तिसरं नाही.

मार्चमध्ये गावच्या घरी बाबांच्या नावे बँकेचं रजिस्टर पत्र आलं. ‘आपण पत्राद्वारे संपूर्ण थकबाकी मान्य करून ती फेडण्याचे लेखी वचन दिले आहे, तरी पंधरा दिवसांत…’ बाबांनी फोनवर मला ते दोनदा वाचून दाखवलं. त्यांचा आवाज अजून कानात आहे. कन्सल्टंटने खरोखर बँकेला एक अर्ज पाठवला होता, बहुधा काम चालू आहे असं दाखवायला, आणि सोबत आमचं ते तिसरं पान जोडलं होतं.

वकीलताईंनी ते पान समोर ठेवून समजावलं. शेवटच्या हप्त्यापासून तीन वर्षांत दावा झाला नाही, तर १९६३ च्या मुदत कायद्यानुसार बँकेला कोर्टात वसुली मागता येत नाही. कर्ज पुसलं जात नाही, पण कोर्टाचं दार बंद होतं. आमची मुदत फेब्रुवारी २०१९ लाच संपली होती. मुदत चालू असताना कर्ज लेखी मान्य केलं, तर तीन वर्षं नव्याने मोजतात. मुदत संपल्यावर नुसत्या मान्यतेने काही होत नाही. पण १८७२ च्या करार कायद्यात कलम २५ (३) आहे. मुदतबाह्य कर्ज फेडीन असं लिहून सही दिली, तर तो नवा करार. ‘“आय अॅक्नॉलेज”वर थांबला असतात तरी चाललं असतं,’ ताई म्हणाल्या, ‘पुढचं “अँड प्रॉमिस टू पे” नडलं.’

कन्सल्टंटचा नंबर तोवर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे जाऊन चार महिने झाले होते. ती हेल्पलाइन पैसे लगेच थोपवायला आहे, पहिल्या काही तासांतच तिचा खरा उपयोग. मला नुसता तक्रार क्रमांक मिळाला.

जे काम आठ वर्षांपूर्वी करायचं ते मग केलं. साध्या कागदावर अर्ज लिहिला: कर्ज मंजूर झाल्यापासूनचा पूर्ण खातेउतारा द्यावा. बँकेने महिन्याभरात समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, असं ताईंनी बजावलं होतं. गरज पडली नाही. बाविसाव्या दिवशी चौदा पानं हातात आली.

पट्टी लावून एकेक ओळ वाचली. सहाव्या पानावर २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये व्याज अनुदान जमा! खाली नऊ ओळींवर, डिसेंबरमध्ये, तीच रक्कम परत नावे, म्हणजे खात्यातून काढून घेतलेली. कारणाच्या रकान्यात: ‘उत्पन्न दाखला अप्राप्त’. बाबांच्या फाईलमध्ये त्याच वर्षीच्या दाखल्याची प्रत आहे, शाखेचा निळा गोल शिक्का आणि ११ जून ही तारीख असलेली.

दोन्ही कागद शेजारी ठेवून विभागीय कार्यालयाला लेखी पत्र दिलंय. या वेळी मुद्दल नाकारलेलं नाही, फक्त व्याजाचा हिशेब मागितलाय. पत्राचा प्रत्येक शब्द ताईंनी तपासला, मगच सही केली. येत्या मंगळवारी बोलावलंय. बाबा म्हणतात मी येतो, मूळ शिक्क्याची प्रत मी कोणाच्या हातात देणार नाही.