ड्रॅग रेसच्या गाडीसाठी डेटा लॉगर घेताना झालेली फसवणूक

मुंबईतील एका विक्रेत्याने आम्हाला ३२ चॅनलचा (एका मोजमापाची नोंद म्हणजे एक चॅनल), सेकंदाला १०० नोंदी घेणारा म्हणून जो डेटा लॉगर, म्हणजे धावेत सेन्सरचे आकडे नोंदवणारी पेटी, विकला, तो प्रत्यक्षात गाडीच्या ओबीडी सॉकेटमधून (बिघाड तपासण्यासाठी गाडीत दिलेल्या जोडणीतून) माहिती वाचणारा एक स्वस्त सर्किट बोर्ड निघाला आणि त्याच्यासोबत बसवलेल्या महागड्या सेन्सरच्या तारा पेटीच्या आत कशालाही जोडलेल्या नव्हत्या. तक्रार दाखल झालेली असल्याने विक्रेत्याचे नाव येथे लिहीत नाही. फसवणुकीची पद्धत मात्र सर्व तपशिलांसह लिहीत आहे, कारण याच पद्धतीची पेटी आणखी कोणाच्या गाडीत बसवली गेली असेल, तर त्या गाडीत बसणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका आहे.

आमची गाडी म्हणजे १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन असलेली, पुढच्या चाकांवर चालणारी स्कोडा लॉरा. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतींसाठी, ती पुण्यात तयार केली असून माझा धाकटा भाऊ ती चालवतो. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या धावेनंतर हाती पडणाऱ्या टायमिंग स्लिपवर पहिल्या ६० फुटांचा वेळ, मधल्या टप्प्यांचे वेळ आणि शेवटचा वेग मिळतो. परंतु ६० फुटांना वेळ जास्त लागला तो चाके जागच्या जागी फिरल्यामुळे, क्लच घसरल्यामुळे की टर्बोने दाब उशिरा धरल्यामुळे, हे ती स्लिप सांगू शकत नाही. ते लॉगरच सांगतो, तेही त्याच्या नोंदी पुरेशा दाट असतील तरच. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे जाते. सेकंदाला १०० नोंदी असतील तर दोन नोंदींमध्ये गाडी जेमतेम २८ सेंटिमीटर सरकते, आणि अर्ध्या सेकंदाला एकच नोंद असेल तर १४ मीटर. लाँचच्या, म्हणजे जागेवरून सुटण्याच्या, वेळी चाके सुटून पुन्हा पकड घेण्याचा सारा प्रकार सेकंदाच्या दोन-तीन दशांशांत आटोपत असल्याने विरळ नोंदींमध्ये त्याचा मागमूसही उरत नाही.

विक्रेत्याला हे सर्व उत्तम माहीत होते आणि तो याच भाषेत बोलत होता. नमुना म्हणून त्याने एका धावेची फाइल दाखवली. त्या फाइलमधील आलेख अस्सल होते. पुढच्या चाकांची रेष लाँचला उसळून खाली येत होती, मागच्या चाकांची रेष शांतपणे चढत होती आणि चारही सिलिंडरच्या एक्झॉस्टचे तापमान वेगवेगळ्या चालीने वाढत होते. ती फाइल दुसऱ्या, खऱ्या लॉगरवर घेतलेली असावी, असे आज आमचे स्पष्ट मत आहे. सेन्सर आणि वायरिंग धरून दीड लाखांच्या पुढे किंमत ठरली. पेटी जाड ॲल्युमिनियमची, मागच्या बाजूला पक्के कनेक्टर आणि आतला भाग ओलावा व हादरे यांपासून वाचावा म्हणून राळेत बुडवलेला, असे तिचे वर्णन होते. रेसच्या उपकरणांत राळ खरोखरच वापरतात, त्यामुळे त्यात वावगे वाटण्यासारखे काही नव्हते. पेटी उघडल्यास हमी रद्द होईल, अशी अटही बिलावर छापलेली होती.

बसवण्याचे काम त्याच्याच माणसाने आमच्या गॅरेजमध्ये येऊन केले. एक्झॉस्टच्या प्रत्येक नळीत एक थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर), डाउनपाइपमध्ये, म्हणजे टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट नळीत, हवा-पेट्रोलचे प्रमाण कळवणारा वाइडबँड लॅम्बडा सेन्सर, पेट्रोलच्या लाइनवर प्रेशर सेन्सर आणि चारही चाकांजवळ वेग मोजणारे सेन्सर, असे सगळे त्याने नीट लावले. फसवणुकीची खरी किल्ली मात्र शेवटच्या जोडणीत होती. पेटीची एक केबल त्याने ओबीडी सॉकेटमध्ये खोचली आणि ती केवळ इग्निशन सुरू झाल्याचा संकेत मिळवण्यासाठी आहे, असे सांगितले. प्रत्यक्षात पेटीला मिळणारी सगळी माहिती त्या एकाच केबलमधून येत होती.

ओबीडीवर गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, एका वेळी एका प्रश्नाचे उत्तर देतो. आमच्या गाडीत त्या पेटीला सेकंदाला जेमतेम पंधरा-वीस उत्तरे मिळत होती आणि ती दहाबारा राशींमध्ये (वेग, तापमान अशा मोजायच्या गोष्टींमध्ये) वाटली जात असल्याने प्रत्येक राशीची खरी नोंद अर्ध्या सेकंदाहूनही उशिराने येत होती. त्यांचे सॉफ्टवेअर त्या दोन खऱ्या आकड्यांच्या मध्ये हिशेबाने काढलेले आकडे भरत असे आणि मग फाइलमध्ये सेकंदाला १०० ओळी दिसत. जिथे सेन्सरची राशी ओबीडीवर उपलब्ध नव्हती, तिथे तिच्या जवळपासची दुसरी राशी त्याच नावाने दाखवली होती.

यातला सर्वांत घातक प्रकार हवा-पेट्रोलच्या मिश्रणाच्या चॅनलचा होता. पूर्ण थ्रॉटलवर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चढलेला असताना लॅम्बडा ०.८० च्या आसपास, म्हणजे एअर-फ्युएल रेशो (हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण) ११.८ च्या जवळ असावा, असे आमच्या ट्यूनरने, म्हणजे इंजिनाची जुळणी करणाऱ्याने, ठरवले होते. लॉगरमध्ये प्रत्येक धावेत तो ११.८ च दिसत असे, कारण ईसीयू ओबीडीवर जी राशी देतो त्यात इंजिनाकडे मागितलेले मिश्रण कळते, आणि पेटी तेच आकडे डाउनपाइपमधील सेन्सरने मोजलेले म्हणून दाखवत होती. पेट्रोलचा पंप चढत्या गिअरमध्ये कमी पडू लागला, मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून धोकादायक तापणारे, होत गेले, तरी मागणी ११.८ ची असल्यामुळे आलेखावरची रेष सरळच राहिली. पेट्रोलच्या दाबाचा चॅनल तर ४ बारच्या आसपास थरथरणारे, सॉफ्टवेअरने स्वतःच तयार केलेले आकडे दाखवत होता. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वितळून भोक पडेपर्यंत आमच्यासमोरच्या पडद्यावर सर्व काही ठीक होते.

भावाला इजा झाली नाही. परंतु पिस्टन फुटल्यावर क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या भागातील) दाबाने ऑइल बाहेर फेकले जाते, ते पुढच्या टायरखाली आले की ताशी पावणेदोनशेच्या वेगात गाडी चालकाच्या हातात राहत नाही. पैशांचे नुकसान मोठे आहेच. पण जो माणूस मोजमाप न घेता खोटे आकडे दाखवतो, त्याच्या कृतीला केवळ निकृष्ट माल विकणे म्हणता येणार नाही, असे मला ठामपणे वाटते. लॉगर नसलेल्या गाडीचा ट्यूनर निदान स्पार्क प्लगचा रंग पाहून सावध राहतो. खोटा लॉगर त्याची ती सावधगिरीही काढून घेतो.

संशय आला तो एक्झॉस्टच्या तापमानाच्या आलेखांवरून. पिस्टन तिसऱ्या सिलिंडरचा गेला होता, म्हणजे त्या सिलिंडरच्या तापमानाची रेष इतर तिघांपासून फुटून निघायला हवी होती. फाइलमध्ये चारही रेषा शेवटपर्यंत समांतर होत्या. ट्यूनरने आकडे एक्सेलमध्ये घेऊन वजाबाकी केली तेव्हा चारही चॅनलमधला फरक सुरुवातीपासून अखेरपर्यंत तोच निघाला. मूळ आकडा ईसीयूने अंदाजाने काढलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या तापमानाचा होता आणि त्यात प्रत्येक सिलिंडरसाठी ठरावीक संख्या मिळवलेली होती. पुढच्या व मागच्या चाकांचे वेगही असेच एकाच रेषेच्या दोन प्रती होत्या. एक प्रत किंचित उशिराने सरकवलेली. ओबीडीवर गाडीचा एकच वेग मिळतो, तोही पूर्ण किलोमीटरमध्ये.

मग आम्ही गाडी उभी ठेवून, ईसीयूला वीज मिळेल एवढी चावी फिरवून, एकेक सेन्सर काढला. लॅम्बडा सेन्सरची तार उपटली तरी आकडा हलला नाही. थर्मोकपल कापले तरी तापमान येतच राहिले. ओबीडीची केबल काढताच मात्र सर्व चॅनल एकदम गोठले. त्यानंतर संपूर्ण प्रक्रियेचे चित्रीकरण करत आम्ही पेटी उघडली. सेन्सरच्या तारा कनेक्टरपासून बोटभर आत येऊन राळेत संपत होत्या.

ज्यांना असा लॉगर घ्यायचा आहे त्यांनी नमुन्याच्या फाइलवर अवलंबून राहू नये आणि पूर्ण रक्कम देण्यापूर्वी प्रत्येक चॅनलला अशी राशी द्यावी, जिचे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. थर्मोकपल उकळत्या पाण्यात धरले तर पुण्यात सुमारे ९८ अंश सेल्सिअस दिसायला हवेत आणि बर्फाच्या पाण्यात शून्याच्या जवळ. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली की बूस्टच्या दाबाचा सेन्सर हवेचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कल असतो, पण पुण्याच्या उंचीवर तो सुमारे ९५ असतो, त्यामुळे पुण्यात १०१ दिसले तर तो आकडा मोजलेला नाही, असे समजावे. वाइडबँड सेन्सर तापवून मोकळ्या हवेत धरला की त्याला सुमारे २१ टक्के ऑक्सिजन दिसला पाहिजे, आणि त्याच्याजवळ न पेटवलेल्या लायटरचा गॅस सोडला की आकडा तत्काळ दुसऱ्या टोकाकडे धावला पाहिजे. चाकाचा सेन्सर तपासण्यासाठी गाडी जॅकवर घेऊन एकच चाक हाताने फिरवावे आणि त्याच चाकाचा चॅनल हलतो का ते पाहावे. हे सर्व ओबीडीची केबल काढून करावे. ओबीडी किंवा कॅनमधून (गाडीतील संगणकांना जोडणाऱ्या तारांमधून) माहिती घेणे गैर नाही, चांगले लॉगरही काही चॅनल तसेच घेतात. पण थेट जोडलेला सेन्सर त्या केबलविना चालला पाहिजे.

कच्च्या नोंदींची फाइल मागणेही तितकेच आवश्यक आहे. खऱ्या सेन्सरची रेष जवळून पाहिली तर ती खडबडीत असते, कारण तिच्यात इंजिनाची स्पंदने आणि रस्त्याचे हादरे मिसळलेले असतात. आमच्या फाइलमध्ये मात्र दर अर्ध्या-पाऊण सेकंदाने कोन बदलणारे सरळ तुकडे होते. पडद्यावर पाहताना सॉफ्टवेअर ते गोलाई देऊन दाखवत असल्याने हा दोष लपत होता, आकड्यांच्या तक्त्यात तो उघड झाला. माझे स्वतःचे मत असे आहे की, मर्यादित पैशांत ३२ चॅनलच्या अनोळखी पेटीमागे जाण्यापेक्षा नावाजलेल्या उत्पादकाचा आठ चॅनलचा जुना लॉगर घ्यावा आणि त्याचा सीरियल नंबर थेट त्या उत्पादकाला लिहून पडताळून घ्यावा. इंजिनाचा वेग, पुढच्या व मागच्या चाकांचा वेग, बूस्ट, लॅम्बडा, पेट्रोलचा दाब आणि थ्रॉटल एवढे खरे मिळाले तरी आमच्यासारख्या गाडीचे बहुतेक प्रश्न सुटतात.

विक्रेत्याने आधी पिस्टनचा दोष ट्यूनरवर टाकला, नंतर पेटी उघडल्याने हमी संपल्याचे कळवले आणि त्यानंतर फोन घेणे बंद केले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार पोलिसांकडे दिली असून ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे मुंबईच्या विक्रेत्याविरुद्धचे प्रकरण आम्ही पुण्यात चालवू शकतो. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. विक्रेत्याने बिल गॅरेजच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घेण्याचा आग्रह धरला होता आणि आता खरेदी व्यावसायिक कारणासाठी होती, म्हणून आम्ही ग्राहकच नाही, असा मुद्दा तो मांडत आहे. गाडी हौसेसाठी असेल तर बिल व्यक्तीच्या नावानेच घ्यावे. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे; पैसे ऑनलाइन देऊन अलीकडेच असा व्यवहार झाला असेल, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर लगेच कळवावे, कारण रक्कम रोखली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

अशीच पेटी ज्यांच्या गाडीत आधीपासून आहे त्यांनी ती घाईने उघडू नये. आधी ओबीडीची केबल काढून चॅनल गोठतात का ते पाहावे, त्याचे चित्रीकरण करावे, मूळ फाइल जशाच्या तशा जपून ठेवाव्यात आणि वेगळ्या गेजने मिश्रण व पेट्रोलचा दाब तपासून होईपर्यंत गाडी पूर्ण थ्रॉटलवर चालवू नये.