टोक लोंबलेलं बोट: पट्टी की तार?
शिवाजी पार्कात झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो, नखाजवळचा सांधा लोंबतो आणि आपणहून सरळ होत नाही. तो ताठ करणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलेली असते, किंवा हाडाचा तुकडा घेऊन निघालेली असते.

नुसती कंडराच तुटली असेल तर मी पट्टीच्या, म्हणजे सांधा सरळ धरून ठेवणाऱ्या कडक आधाराच्या (स्प्लिंट) बाजूने. ६ ते ८ आठवडे, रात्रंदिवस. अंघोळीत, लोकलची कडी धरतानाही सांधा वाकता कामा नये; एकदा वाकला की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. पावसाळ्यात पट्टीखाली कातडी भिजून पांढरी पडते, म्हणून पट्टी बदलावी लागते, पण बोट टेबलावर सपाट टेकवूनच. मधला सांधा मात्र हलवत राहा.

हाडाचा मोठा तुकडा निघाला किंवा सांधाच सरकला, तर बारीक तार घालायची शस्त्रक्रिया. तारेपाशी जंतुसंसर्गाची भीती असते. आधी एक्स-रे काढा, बाजूनेही.