पैसे मोजून बढती की नंबर लागायची वाट?
नेपोलियनच्या काळात ब्रिटिश पायदळात हुद्दा सरळ विकत मिळायचा, एन्साइनचा (सगळ्यात खालचा अधिकारी) सरकारी रेट 400 पौंड आणि लेफ्टनंट कर्नलचा 3,500. आर्थर वेलस्ली (हाच पुढचा वेलिंग्टन) 1787 ला एन्साइन झाला, पुढे भावाने पैसे दिले आणि 1793 मध्ये, चोविसाव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल, म्हणून तर 1803 ला आपल्या जालन्यातल्या असईला तो जनरल म्हणून लढला. तोफखान्यात मात्र पैसा चालायचा नाही, वूलिचच्या लष्करी शाळेत शिकायचं आणि वरची जागा रिकामी व्हायची वाट बघायची. तोफखान्यातल्या अलेक्झांडर डिक्सनचंच बघा ना, 1813 ला स्पेनमधल्या व्हिटोरियाच्या लढाईत वेलिंग्टनचा सगळा तोफखाना त्याने सांभाळला, पण ब्रिटिश रेजिमेंटच्या यादीत तेव्हाही कॅप्टनच, हुकूम चालायचा तो मित्र असलेल्या पोर्तुगीज सैन्यातल्या त्याच्या वरच्या हुद्द्यामुळे! मला तोफखान्याचीच पद्धत प्रामाणिक वाटते, पण इतक्या गुणी माणसाला एवढं रखडवलं हे मनाला लागतंच.