शाफ्टचा क्रॉस की क्राऊन-पिनियन?
जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपमध्ये थरथर आणि आवाज सुरू झाला की संशय प्रथम या दोघांवर जातो: क्रॉस म्हणजे गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे फिरती ताकद नेणाऱ्या दांड्याच्या (शाफ्टच्या) टोकाच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, आणि क्राऊन-पिनियन म्हणजे अ‍ॅक्सलच्या मध्यावर ती ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी. क्रॉस झिजलेला असेल, तर क्लच सोडताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि ठरावीक वेगाला थरथर वाढते. शाफ्ट चाकाच्या साधारण ४ ते ५ पट वेगाने फिरत असल्यामुळे ती डगमग नसून बारीक झिणझिण असते. क्राऊन-पिनियन बहुधा थरथरत नाही, ते रडते: मांजरसुंब्याचा घाट चढताना एक सूर, उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडताच दुसरा. आमच्या बीडकडे डिफरन्शिअल (क्राऊन-पिनियन ज्यात असते तो अ‍ॅक्सलमधला गोळा) उघडण्याची घाई फार होते, ती मला पटत नाही. आधी परत तसाच बसवता यावा म्हणून जोडावर खुणा करून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढावा आणि मागच्या चाकांवर गाडी चालवून पाहावी. थरथर थांबली, तर तो शाफ्टच तपासावा.