पांढरा स्तूप, काळी मारबत आणि माझा पहिला डीएसएलआर : आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगते, मी काही फोटोग्राफर वगैरे नाही. नागपुरात एका ऑफिसात अकाउंट्स बघते, वय अडतीस, घरी नवरा, दहा वर्षांची पोरगी आणि सासूबाई. संक्रांतीच्या आठवड्यात सेकंड हँड कॅनन 1500डी घेतला, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा डीएसएलआर, सोबत 18-55ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती), बॅग आणि एक जास्तीची बॅटरी, सगळं मिळून 23 हजारांत. भावाच्या मित्राने मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा प्रकार घेतला आणि हा त्याच्याकडे कपाटात पडून होता. आता पितृपक्ष चालू आहे, म्हणजे आठ महिने उलटले. या आठातले पहिले पाच महिने मला ठाम वाटत होतं की आपण फसलो, कॅमेरा जुना आहे, 2018 चं मॉडेल, यापेक्षा फोनचे फोटो भारी येतात. नवरा तर रोज म्हणायचा, विकून टाक. तर ते पाच महिने का वाया गेले हेच जरा सविस्तर लिहिते, कारण नवीन घेणाऱ्यांचं बहुतेक इथेच अडतं असं मला वाटतं.

सुरुवात तर फारच हास्यास्पद झाली. मला चष्मा आहे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की सगळं धुरकट. फोटो स्क्रीनवर बघितला की एकदम स्वच्छ. तीन आठवडे मी हे असंच असतं समजून चालवलं. मग पोरीने खेळता खेळता व्ह्यूफाइंडरच्या बाजूचं बारकं चाक फिरवलं आणि म्हणाली, आई आता बघ. ते चाक आपल्या नंबरप्रमाणे जुळवायचं असतं, त्याचा फोटोच्या फोकसशी काही संबंध नाही, फक्त आपल्या डोळ्याशी आहे. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे म्हणे, पण सेकंड हँड कॅमेऱ्यासोबत मॅन्युअल कोण देतं.

संक्रांतीला गच्चीवरून पतंगांचे फोटो काढले, फुल ऑटोमध्ये. पतंग सगळे काळे ठिपके आणि आभाळ राखाडी. मी म्हटलं थंडीचं धुकं असेल. मार्चमध्ये एका रविवारी सकाळी दीक्षाभूमीला गेले, ऊन छान होतं, स्तूप समोर पांढराशुभ्र, सांचीच्या धर्तीवरचा तो मोठा घुमट, आणि माझ्या फोटोत तो कसा आला तर सिमेंटचा. म्हणजे प्लास्टर केलं आणि रंग मारायचा राहून गेला असा. वीस-पंचवीस फोटो काढले, सगळे तसेच. त्याच जागेवरून फोनने काढला तर झकास पांढरा. त्या दिवशी खरंच रडू आलं होतं, 23 हजार म्हणजे माझ्यासाठी काही किरकोळ रक्कम नाही.

आणि सासूबाईंचा किस्सा तर वेगळाच. दुपारी खिडकीपाशी बसून तांदूळ निवडत होत्या, मागून उजेड येत होता, मला वाटलं काय सुंदर फोटो होईल. दाखवला तर म्हणाल्या, "काहून वं, माह्यं तोंड कोळशावानी काहून काढलं? इतका महागाचा डब्बा आणला न लाइट नाई का त्याच्यात?" मग फ्लॅश उघडून काढला, तर तोंड पिठासारखं, मागच्या भिंतीवर काळी सावली आणि चष्म्यावर दोन दिवे. त्यानंतर दोन महिने त्यांनी फोटोच काढू दिला नाही.

हे सगळं एकाच कारणाने होत होतं आणि मला ते जूनमध्ये कळलं. कॅमेऱ्याचं मीटर जे आहे ना, त्याला समोर स्तूप आहे की कोळसा आहे हे कळत नाही. त्याला फक्त किती उजेड परत येऊन राहिला तेवढं कळतं, आणि त्याचा ठोकताळा असा की समोरचं दृश्य सरासरीने मधल्या राखाडी रंगाएवढं उजळ असणार, म्हणजे पडलेल्यातला साधारण 18 टक्के उजेड परत फेकणारं. मग फ्रेमभर पांढरं आलं की तो म्हणतो बापरे किती उजेड, कमी करा, आणि पांढऱ्याचं राखाडी करतो. फ्रेमभर काळं आलं की उजेड वाढवतो आणि काळ्याचंही राखाडीच करतो. खिडकीतून मागून उजेड आला की खिडकीचा हिशोब धरतो आणि माणूस काळा. फोनमध्ये काय होतं, तो एका क्लिकमध्ये वेगवेगळ्या उजेडाचे बरेच फोटो घेऊन एकात एक मिसळतो, चेहरा ओळखून तो उजळतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. डीएसएलआर तसं काही करत नाही, त्याला आपण सांगावं लागतं. माझ्यासारख्या अकाउंटवालीला हे खरं तर लगेच समजायला पाहिजे होतं, सरासरी काढली की दोन्ही टोकं गायब होतात हे मी ऑफिसात रोज बघते.

सांगायचं कसं तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करणं. मोड डायल एव्हीवर ठेवायचं (यात लेन्सचं भोक किती उघडायचं ते आपण ठरवतो, शटर कॅमेरा ठरवतो), मागचं एव्ही लिहिलेलं बटण दाबून धरायचं आणि वरचं चाक फिरवायचं. पांढरं जास्त असेल तर प्लसकडे, काळं जास्त असेल तर मायनसकडे. पहिल्यांदा हे उलटं वाटतं, इतकं पांढरं आहे तर अजून कशाला वाढवायचं, पण वाढवायचंच. जूनच्या शेवटी परत दीक्षाभूमीला गेले, आभाळ भरलेलं होतं, प्लस 1 केलं आणि स्तूप पांढरा आला. मग हावरटपणा करून प्लस 2 केलं तर घुमटाची कड आभाळातच विरघळली, म्हणजे सीमा आहे त्यालाही. तेव्हापासून फोटो काढल्यावर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) बघायची सवय लावली, आलेख उजव्या भिंतीला जाऊन आदळला की समजायचं पांढऱ्यातले बारकावे गेले, ते नंतर आणता येत नाहीत. उन्हात स्क्रीनवर भरवसा ठेवू नका, स्क्रीन खोटं बोलते, आलेख बोलत नाही.

मे महिन्याबद्दल लिहायलाच पाहिजे कारण नागपूरचा मे आणि कॅमेरा हे प्रकरणच वेगळं आहे. 45 डिग्रीत अकरा ते पाच बाहेर पडायचा प्रश्नच नाही, आणि पडलं तरी ऊन असं डोक्यावरून की माणसाच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. मग पहाटे साडेपाच-पावणेसहाला फुटाळा नाहीतर अंबाझरी तलाव, तासाभराने घरी. पण त्या उन्हाने एक शिकवलं. जुन्या फिल्मवाल्यांचा एक ठोकताळा आहे, लख्ख उन्हात ॲपर्चर (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं ते बारीक) एफ 16 ठेवा आणि शटरचा वेळ एक भागिले आयएसओ (आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील), म्हणजे आयएसओ 100 ला साधारण 1/100 ते 1/125 सेकंद. मीटरकडे बघायचंच नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांवर करून बघितलं आणि कुरड्या पांढऱ्या आल्या! तेव्हा पहिल्यांदा शंका आली की घोळ मीटरचा असावा.

पण त्याच फोटोंत आभाळात सात-आठ धुरकट ठिपके दिसले. एफ 5.6 ला ते दिसत नव्हते, एफ 16 ला ठळक. ती सेन्सरवरची, म्हणजे आत फोटो टिपणाऱ्या पट्टीवरची धूळ. पाप माझंच, एप्रिलमध्ये फुटाळ्यावर वारं सुटलेलं असताना भावाची लेन्स लावून बघायची म्हणून उघड्यावर कॅमेरा तोंड वर करून बदलली होती. या मॉडेलमध्ये सेन्सर आपोआप झटकायची सोय नाही. रबरी फुग्याने हवा मारून अर्धे गेले, उरलेले सीताबर्डीच्या एका दुकानात साफ करून घेतले, 600 रुपये. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते, हे मला दुकानदाराने सांगितलं आणि माझ्याकडे असं बघितलं की त्याला कळलंच असणार.

दुसरी चूक कूलरची. ही खास आपल्या विदर्भवाल्यांसाठी. चार महिने घरात कूलर चालतो, वाळ्याचा सुगंध वगैरे ठीक आहे पण तो खोलीत पाणीच फेकत असतो. माझी बॅग कूलरच्या समोरच्या शेल्फवर, बंद कापडी बॅग, आत अंधार आणि दमट. जुलैत किट लेन्स उजेडाकडे धरली तर आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक धागा. बुरशी. सुरुवातीची होती म्हणून 800 रुपयांत निघाली. आता झाकण घट्ट बसणारा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा कूलर नसलेल्या खोलीत. सासूबाई म्हणतात पापडापेक्षा जास्त जपून राहिली.

आता कॅमेऱ्याबद्दल सरळ. 24 मेगापिक्सेल आहेत, मला कमी पडले नाहीत, पोरीचा फोटो बारा बाय अठरा प्रिंट केला, सुंदर आला. हातात पकड छान आहे, बॅटरीसकट पाऊण किलोच्या आतबाहेर होतो लेन्स धरून. बॅटरी मला दोन रविवार पुरते, पण लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढत राहिलं तर लवकर उतरते. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस हळू आहे आणि स्क्रीन फिरत नाही, म्हणून रांगोळीचा फोटो काढायला मला अक्षरशः जमिनीवर झोपावं लागतं. व्ह्यूफाइंडर 95 टक्केच दाखवतो, त्यामुळे कडेला कुणाचं अर्धं डोकं नाहीतर स्कूटीचा आरसा घुसलेला नंतर कळतो. फोकसचे नऊ पॉइंट आहेत, ऑटोवर ठेवलं तर बहुतेक वेळा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, मी मधला एकच ठेवते, त्यावर पकडायचं, बटण अर्धं दाबून धरायचं आणि मग फ्रेम जुळवायची. सेकंदाला तीन फोटो म्हणजे पोरीच्या कबड्डीच्या मॅचला कमीच. आयएसओ 1600 पर्यंत मी बिनधास्त जाते, 3200 ला दाणे दिसतात पण हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो बरा. बाहेरचा माइक लावायची सोय नाही, व्हिडिओच करायचे असतील तर दुसरं काही बघा.

लेन्सबद्दल सगळे सांगत होते की किट लेन्स फेकून दे आणि 50 एमएम एफ 1.8 घे. मी मार्चमध्येच घेतली, सेकंड हँड 6 हजार. मागचं पुसट होतं, मजा येते, खरं आहे. पण या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने 50 ची लेन्स 80 सारखी वागते, आणि आमची बैठकीची खोली दहा बाय बारा. भिंतीला पाठ टेकली तरी फ्रेममध्ये दीडच माणूस मावतो. आणि मुख्य म्हणजे स्तूप तिच्यातही सिमेंटचाच आला! ते 6 हजार तेव्हा घालवायची गरज नव्हती, आधी ते प्लस-मायनस शिकले असते तर.

मग मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मामेसासऱ्यांचं घर इतवारीत आहे, त्यांच्या माडीवर सकाळी आठलाच जाऊन बसले. बाहेरच्या वाचकांसाठी, मारबत म्हणजे मिरवणुकीने नेऊन शेवटी जाळायचा बाईचा मोठा पुतळा, काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि खाली हजारो लोक ओरडत असतात, "घेऊन जा गे मारबत". त्यात रोगराई, महागाई, जे नको ते सगळं घेऊन जा म्हणतात. गर्दी, ढगाळ आभाळ, उजेड मिनिटामिनिटाला बदलणारा, आणि समोरून ती अख्खी काळी बाई झुलत येऊन राहिली. पहिला फोटो सवयीने शून्यावर काढला. करड्या रंगाची मारबत, आणि खालच्या लोकांचे चेहरे उडालेले. पोरगी शेजारून ओरडली, आई काळी आहे, मायनस कर मायनस! मायनस 1 केलं. मारबत काळी आली, तिचे डोळे, लाल जीभ, दागिने, सगळं. पाच मिनिटांत पिवळी आली, घाईत मायनस तसंच राहिलं, आणि पिवळी मारबत शेवाळी. सहा फोटो गेल्यावर लक्षात आलं. दोघींची गळाभेट होते तो फोटो तर माझ्याकडे नाहीच, कार्ड भरलं होतं. रॉ (कॅमेऱ्याने न सजवलेली कच्ची फाइल) आणि जेपीईजी (नेहमीचा तयार फोटो) दोन्ही चालू ठेवलं होतं, एका फोटोला तीसेक एमबी जातात, 16 जीबीचं कार्ड, हिशोब तुम्हीच करा. अकाउंटवाली मी.

रॉ मात्र काढत जा. घरी लॅपटॉपवर फुकट सॉफ्टवेअर आहेत, मी डार्कटेबल वापरते, दोन-तीन रात्री डोकं उठलं मग जमलं. शेवाळी पिवळी त्यातल्या चारांत बऱ्यापैकी परत पिवळी झाली. जळालेले पांढरे चेहरे मात्र नाही आले.

आता नवीन घेणाऱ्याने डीएसएलआर घ्यावा का. कंपन्या मिररलेसकडे गेल्या हे खरं, त्यात फोटो काढायच्या आधीच स्क्रीनवर उजेड जसा येणार तसा दिसतो, माझे पाच महिने कदाचित पाच दिवसांत आटोपले असते. पण त्यामुळेच सेकंड हँड डीएसएलआर स्वस्त झाले, आणि या कॅमेऱ्याच्या, ईएफ प्रकारच्या लेन्स पुढे ॲडॉप्टर लावून कॅननच्या मिररलेसवर चालतात. बजेट 25 च्या आत असेल तर मी परत हाच घेईन. 40-45 असेल तर नाही घेणार.

सासूबाईंनी गणपतीत परवानगी दिली. तीच खिडकी, तेच तांदूळ, मी चेहऱ्यापाशी मीटर धरून प्लस 1.3 केलं, खिडकी पार पांढरी उडाली आणि उडू दिली. बघितला त्यांनी बराच वेळ, चष्मा वर करून. मग म्हणाल्या, "हा मोठा करून ठेव वं. मांगाहून तुमची धावपळ नको." नवऱ्याने जेवण अर्धं टाकलं. मी सोमवारी आठ बाय दहाची प्रिंट टाकून आले, मॅट फिनिश, 120 रुपये, शनिवारी मिळणार.