एकाच पायजम्याला २३४ भोकं

ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमांचे अर्ज यूकॅस या संस्थेमार्फत जातात. २००७ मध्ये यूकॅसने सुमारे ५० हजार अर्जांतली निवेदनं, म्हणजे हाच विषय का हवा हे अर्जदाराने स्वतः लिहिलेला मजकूर, संगणकावर ताडून पाहिली, तेव्हा २३४ जणांची बालपणीची आठवण एकच निघाली. रसायनांच्या खेळण्याशी खटपट करताना पायजम्याला भोक पडलं आणि तिथूनच म्हणे विज्ञानाची गोडी लागली. मूळ नमुना इंटरनेटवरचा, भोकं २३४. आता तिथे येणारं निवेदन आधीच्या निवेदनांशी ताडलं जातं. साम्य सापडलं तर अर्जदाराला कळतं, आणि त्याने निवडलेल्या विद्यापीठांनाही.

हा पायजमा आपल्याकडे परदेशी प्रवेशाचे एजंट अजून विकतात, 'एसओपी करून देतो' या पाटीखाली. एसओपी म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', असंच निवेदन. पहिली भेट फुकट असते. त्या भेटीत एक वाक्य हमखास येतं: "मार्क चांगले आहेत, पण तुझं इंग्रजी तिकडे चालणार नाही." दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलामुलींना हे वाक्य कुठे लागतं, हे बोलणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं. त्यानंतर पॅकेज निघतं: एसओपी, शिफारसपत्रं, सीव्ही आणि 'अनलिमिटेड करेक्शन'. पैसे आगाऊ. करेक्शन म्हणजे पुढे स्पेलिंग आणि स्वल्पविराम, एवढंच.

माल तयार होतो तो असा. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याची फाइल उघडायची, नाव, कॉलेज, शहर बदलायचं, 'फॅसिनेटेड'च्या जागी 'कॅप्टिव्हेटेड' घालायचं. परिच्छेदांचा क्रम आणि उदाहरणं तीच राहतात, त्यामुळे शब्द बदलूनही साम्य पकडलं जाऊ शकतं. हल्ली काही जण हेच काम एआयकडून करून घेतात. यूकॅसच्या अर्जात मात्र निवेदन दुसरीकडून किंवा एआयकडून घेतलेलं नाही, असं अर्जदाराला स्वतः जाहीर करावं लागतं. २०२६ च्या प्रवेशापासून निवेदनात तीन ठरलेले प्रश्न आहेत. प्रत्येकाला किमान ३५० अक्षरं आणि तिन्ही मिळून जास्तीत जास्त ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. हाच विषय का, शिक्षणातून काय तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. जुन्या सलग साच्यातलं निवेदन कापून या तीन खणांत भरलं की सांधे लगेच दिसतात.

पण उचलेगिरी हा यातला लहान धोका. मोठा धोका असा, की 'चांगलं इंग्रजी' म्हणता म्हणता तुमची माहितीच बदलली जाते.

आपल्या तीन वर्षांच्या बीएस्सीला ६० टक्क्यांवर फर्स्ट क्लास मिळतो. त्याचं 'फर्स्ट क्लास ऑनर्स' केलं की ब्रिटिश वाचणारा ७० टक्क्यांच्या वरची ऑनर्स पदवी समजतो. गुणपत्रिका समोर आली की हे खोटं ठरतं. सीजीपीएचंही तसंच. दहाने गुणून टक्के काढायचे नाहीत. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं, म्हणून दहापैकी किती ते जसंच्या तसं लिहायचं आणि रूपांतर त्यांच्यावर सोडायचं.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी चौघांनी मिळून केलेला प्रोजेक्ट म्हणजे 'थीसिस' नव्हे. 'फायनल इयर ग्रुप प्रोजेक्ट' लिहावं आणि चौघांत आपण काय केलं ते एका वाक्यात सांगावं. सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपला 'एम्प्लॉइड अ‍ॅज' लावू नये. पेपर पाठवलेला असेल तर 'सबमिटेड', छापून आला तरच 'पब्लिश्ड'. निकाल लागायचा असेल तर 'रिझल्ट अवेटेड'. त्यावर अटीसह प्रवेश मिळू शकतो आणि त्यात कमीपणा काही नाही. एटीकेटी हा शब्द बाहेरच्यांना कळत नाही, पण म्हणून ती गाळायची नाही. कोणता विषय राहिला आणि दुसऱ्या प्रयत्नात कधी सुटला, ते लिहायचं. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या गुणांच्या अधिकृत नोंदीवर, ते बहुधा दिसणारच असतं.

आता ज्या इंग्रजीची भीती घातली जाते ते बघा. 'आय पास्ड आउट इन २०२४' म्हटलं तर तिकडे 'शुद्ध हरपली' असा अर्थ होतो, 'ग्रॅज्युएटेड' हवं. 'ग्रॅज्युएशन' म्हणजे तिकडे पदवीदान समारंभ, तेव्हा 'बॅचलर्स डिग्री' लिहावं. 'माय गुड नेम', 'आय अ‍ॅम हॅविंग' ही आणखी दोन. दुरुस्ती दहा मिनिटांची, आणि राहून गेली तरी वाचणारा फार तर हसेल. 'ऑनर्स'वर मात्र कोणी हसत नाही.

शिफारसपत्रांतही हीच लबाडी चालते. सरांच्या नावाने जीमेल खातं उघडायचं आणि पत्र आपणच पाठवायचं. म्हणूनच बरीच विद्यापीठं कॉलेजच्या डोमेनवरचा ईमेल मागतात. अर्जाचं खातंही एजंटच्या ईमेलवर असेल तर काय भरलं गेलं हे तुम्हाला दिसतच नाही. घोषणेखाली नाव मात्र तुमचं. हीच माहिती पुढे व्हिसाच्या अर्जात गेली तर कॅनडात चुकीच्या माहितीसाठी ५ वर्षांची बंदी येऊ शकते, ब्रिटनमध्ये फसवणूक ठरली तर १० वर्षांपर्यंत.

मसुदा हातात आला की आधी तो वर्ड फाइलमध्येच मागा, पीडीएफ घेऊ नका. फाइलच्या माहितीत लेखकाचं नाव आणि तयार केल्याची तारीख बघा. तुमच्या पहिल्या भेटीच्या आधीची तारीख आणि अनोळखी नाव निघालं, तर बाकी वाचायची गरज नाही. मग आठ-दहा शब्दांचे दोन-तीन तुकडे अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा. शेवटी प्रत्येक वाक्यावर 'कशावरून?' विचारा. ज्याला कागद किंवा आठवण नाही ते वाक्य काढा. ईमेल, पासवर्ड, ओटीपीचा मोबाइल स्वतःचाच ठेवा आणि भरलेल्या अर्जाची अंतिम प्रत उतरवून घ्या.

पैसे आधीच गेले असतील तर पावती, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपा. ऑनलाइन फसवणूक असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करा. सेवा नीट दिली नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग ग्राहक आयोग. अर्ज गेला असेल तर यूकॅसवर निवेदन बदलता येत नाही, तेव्हा निर्णय येण्याआधीच प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला लिहा. अर्ज क्रमांक, चुकलेलं वाक्य, बरोबर वाक्य, सोबत गुणपत्रिका. चार ओळी पुरतात, आणि त्या तुमच्याच इंग्रजीत असू द्या.